स्वागत नावाची फाईल

१९८७ साली पूर्णेतल्या आमच्या शाळेला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर मिळाले. मी गणित शिकवायचो म्हणून तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला मला पाठवलं. परत आलो तेव्हा शिक्षकखोलीत माझी खुर्ची पंख्याखाली सरकली होती. मला ते आवडलं, हे आधीच सांगून टाकतो.

कॉम्प्युटर म्हणजे बटणांची एक पेटी, तिला जोडलेला टीव्ही आणि टेपरेकॉर्डर. वीज गेली की आतलं सगळं पुसलं जायचं. म्हणून काम झालं की ते कॅसेटवर भरायचं, त्याला नाव द्यायचं. दुसऱ्या दिवशी कॅसेट मागं फिरवून त्याच नावानं पुन्हा मशीनमध्ये घ्यायचं. त्या वेळी टेपमधून किर्र आवाज यायचा आणि सापडलेल्या फाईलचं नाव पडद्यावर उमटायचं.

कॉम्प्युटरच्या धड्यांमध्ये आलेख काढायचा एक धडा होता. आकडे भरले की रेघ तयार. बहुतेकांनी चाचणीचे मार्क भरले. नववीतली चांगुणा मात्र विहिरी घेऊन आली. ती चुडाव्याहून सकाळच्या पॅसेंजरनं यायची. तिचे वडील आश्रुबा मेंढरं राखायचे. मेंढरं पाण्यावर न्यायची, तर कोणत्या विहिरीला किती पाणी हे त्या घराला ठाऊकच असायचं. चांगुणा दर पंधरा दिवसांनी दोराला दगड बांधून एकतीस विहिरींचं पाणी मोजायची आणि चिठ्ठ्यांवर लिहून आणायची. आषाढापासून कार्तिकापर्यंत तिनं हे केलं. पडद्यावर पाणी चढताना आणि उतरताना दिसायचं. असलं काही मी प्रशिक्षणातही पाहिलं नव्हतं.

"चिठ्ठ्यांचं काय करू सर?" तिनं एकदा विचारलं.

"टाकून दे. मशीन विसरत नसतं," मी म्हणालो.

डिसेंबरात शिक्षण खात्याचे अधिकारी येणार असं कळलं. आदल्या दिवशी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर फुलं येणार, मधोमध साहेबांचं नाव. तो भरायला कोरी कॅसेट मिळेना. टेपमध्ये एक कॅसेट होती, तीच मागं फिरवून मी भरली. फाईलला नाव दिलं स्वागत. कॅसेटवरचं चांगुणाचं अक्षर आपण पाहिलंच नाही, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पाहिलं होतं. तिची फाईल पुढं कुठंतरी असेल, असं धरून चाललो. तेवढं तपासायला पाच मिनिटंही लागली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्वागत पहिल्या मशीनमध्ये घेतलं आणि कॅसेट परत जागेवर ठेवली. साहेब आले, पडद्यावर फुलं आली, साहेब हसले. दुसऱ्या मशीनपाशी चांगुणा उभी होती. तिनं कॅसेट मागं फिरवली, फाईलचं नाव टाईप केलं, टेप चालू केला. साहेब मागं वळून मुख्याध्यापक व्यंकटरावांशी बोलत होते. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत नाव उमटलं, स्वागत. मग चूक झाल्याचा संदेश आला. विहिरींच्या फाईलचं नाव आलंच नाही.

मी पुढं झालो आणि बटण दाबून पडदा कोरा केला.

"काय झालं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"भरताना काहीतरी चुकलेलं दिसतंय," मी म्हणालो. कुणाचं, ते सांगितलं नाही.

व्यंकटराव साहेबांकडं पाहून हसले. "मेंढरं राखणाऱ्याची पोरगी आहे साहेब. शिकेल हळूहळू."

साहेबही हसले. चांगुणा म्हणाली, "मी भरलं होतं सर." इतकं हळू, की मला एकट्यालाच ऐकू आलं. मी साहेबांना चहाला घेऊन गेलो.

त्यानंतर ती कॉम्प्युटरच्या खोलीकडं फिरकली नाही. वर्गात पहिल्यासारखीच बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. मला मात्र फळ्याकडून वर्गाकडं तोंड वळवणं जड जायला लागलं. नऊ दिवस असे काढले. दहाव्या दिवशी रविवार होता. मी चुडाव्याच्या गाडीत बसलो.

आश्रुबा मेंढरांच्या वाड्यापाशी कोकरांना पाला टाकत होते. मला पाहून त्यांनी घोंगडं अंथरलं. "पोरीनं काय केलं का सर?"

"तिनं नाही. मी केलं," म्हणालो आणि सगळं सांगितलं. पडदा कोरा केला तेही.

त्यांनी उरलेला पाला कोकरांपुढं टाकला. मग म्हणाले, "मी तिला मारलं वो त्या दिशी. सरकारी मिशीन खराब केलं म्हणून."

चांगुणा दारात उभी होती. मी तिच्याकडं पाहून म्हणालो, "माझ्यामुळं झालं, पोरी."

"मला ठावं हाय सर. नाव वाचलं होतं म्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाला सगळ्यांम्होरं खाली बघाया लागलं असतं."

चिठ्ठ्या आहेत का, असं मी विचारलं. तिच्या आईनं, भिवराबाईनं, त्या कधीच चुलीत घातल्या होत्या. मीच टाकायला सांगितल्या होत्या.

सोमवारी मी व्यंकटरावांना सांगितलं. "आता कशाला उकरता? साहेब तर गेले," ते म्हणाले. मी तरी नववीच्या वर्गात उभा राहून सांगितलं. मुलं वळून चांगुणाकडं बघायला लागली. चांगुणा बाकाकडं बघत राहिली. साहेबांना पत्रही लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. मन हलकं होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

संक्रांतीनंतर एका दुपारी ती कॉम्प्युटरच्या खोलीत आली. हातात नवी कॅसेट होती, आणि विहिरींचे ताजे आकडे. पावसाळ्याचे गेले ते गेले. तिनं पौषापासून पुन्हा मोजायला घेतलं होतं. आकडे भरले, फाईल कॅसेटवर घेतली, मागं फिरवून पुन्हा मशीनमध्ये घेऊन पाहिली. सगळी रेघ उमटली.

मग तिनं कॅसेट बाहेर काढली. "सर, हिच्या पाठीवरचा ह्यो प्लास्टिकचा तुकडा मोडला की वरून दुसरं भरता येत न्हाई म्हणं. स्टेशनापाशी रेडिओ दुरुस्त करत्यात त्यांनी सांगितलं. खरं हाय का?"

खरं होतं. प्रशिक्षणात आम्हाला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं.

"खरं आहे," मी म्हणालो.

तिनं डोक्यातली पिन काढून तो तुकडा मोडला. मी हात पुढं केला होता, कपाटात ठेवायला म्हणून. तिनं हाताकडं पाहिलं, कॅसेट दप्तरात घातली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर. मीच आणत जाईन."