आगाऊ साक्ष

तोंडात दोन टाचण्या धरून सून बेकरीवालीच्या अंगावरच्या कोटाची बाही मापात घेत होती, तेवढ्यात बेकरीवालीनं वळून तिला मिठीच मारली.

"देवानं केलं बाई! काल तुझ्या सासूबाईंनी साक्ष दिली ना, माझ्या अंगावर काटा आला. आमचे हेसुद्धा जागे झाले, म्हणजे बघ!"

सुनेनं टाचण्या तोंडातून काढल्या. "कसली साक्ष?"

"अगं, तू बरी झालीस ती! देवानं तुला बरं केलं, असं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं त्यांनी."

काल रविवार, पण सून ख्रिस्ती देवळातल्या उपासनेला गेलीच नव्हती. छातीवरचे टाके ओढत होते म्हणून ती घरी पडून राहिली होती. डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवली होती आणि ती साधी की वाईट, हे पुढच्या सोमवारी कळायचं होतं. नवरा मालवाहू बोटीवर, अर्ध्या जगापलीकडे. त्याला अजून कळवलंही नव्हतं. घरात दोघीच.

गिऱ्हाईक गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. सासूबाई बटाटे सोलत होत्या. देवळातली माणसं त्यांना लाडानं 'तारमास्तर' म्हणत. यांची प्रार्थना म्हणजे तार, थेट वर पोचते, अशी सगळ्यांची समजूत. त्यांचीही.

"आई, मी बरी झाले म्हणून सांगितलंत तुम्ही?"

"सांगितलं."

"निकाल यायच्या आधीच?"

"विश्वास धरायचा तर अर्धामुर्धा धरू नये."

"आणि वाईट निघालं तर? मग काय म्हणायचं लोकांनी? तुम्ही खोट्या, देव खोटा, की माझाच विश्वास तोकडा पडला?"

"अभद्र बोलू नकोस गं."

"हा विश्वास नव्हे, आई. तुम्ही चारचौघांत देवाला कोंडीत पकडलंत."

सासूबाई सोलतच राहिल्या. एरवी त्यांनी काढलेल्या सालीतून उजेड दिसायचा. आज साल चांगली जाड निघत होती. सून पुन्हा शिलाई मशीनवर जाऊन बसली.

मग तो आठवडा अभिनंदनांचा गेला. कोणी फुलं आणली, कोणी केक पाठवला. एकीनं तर 'तुझ्या चेहऱ्यावर तेज आलंय' असंही सांगितलं, तेव्हा सुनेला ताप होता. ती हसून हसून जबडा दुखवून घ्यायची आणि दार लागलं की मशीनकडे वळायची. दोघींत 'मीठ संपलं' आणि 'गॅस बंद कर' एवढंच बोलणं उरलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला सून बसायची, पण हातात काजं-बटणं घेऊन. सासूबाईंची तार हल्ली लवकर आटपायची. मधेच शब्द सापडेनासे व्हायचे, आणि 'आमेन' म्हणून त्या उठायच्या.

रविवारी सून देवळात गेली. तिसऱ्या बाकावर दोघी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"कुणाला साक्ष द्यायची आहे?" पाळकांनी विचारलं.

सासूबाई उठल्या. माना वळल्या, चेहरे आधीच हसरे झाले. सुनेनं बाकाची कड घट्ट धरली.

"गेल्या रविवारी मी जे बोलले ते परत घेते," सासूबाई म्हणाल्या. "सून बरी आहे की नाही, मला ठाऊक नाही. निकाल उद्या आहे. मी घाबरले होते. वाटलं, तुमच्यासमोर बोलून टाकलं की देवाला मागं फिरता येणार नाही. तो काय माझा पोरगा आहे, पाहुण्यांसमोर दटावून कबूल करून घ्यायला?" त्या थांबल्या. पदर सारखा केला. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असं लहानपणापासून म्हणत आले. या आठवड्यात एकदाही म्हणवलं नाही. तेवढं म्हणता यावं, म्हणून प्रार्थना करा."

त्या खाली बसल्या. पाळक गीतांचं पुस्तक उगाच उलटंपालटं करत राहिले.

मग मागून घड्याळदुरुस्तीवाले म्हातारे काठी टेकत उठले. "मग माझाही गुडघा परत घ्या. बरा झाला म्हणून साक्ष दिली, त्याच संध्याकाळपासून दुखतोय मेला."

हशा पिकला. तो विरतो न विरतो तोच पुढच्या बाकावरची एक बाई बसल्या जागेवरूनच बोलली.

"आमचा मुलगा घरी परत आला, असं मी सांगितलं होतं. आला होता. राहिला नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. पाळकांनी पुस्तक मिटलं आणि ते पायरीवरच खाली बसले. "आज प्रवचन राहू दे," ते म्हणाले. "प्रार्थनाच करू."

केव्हातरी सून बाकावर सरकली. मधली जागा भरली.

सोमवारी इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात दोघी बसल्या होत्या. समोर पांढरं दार. नर्सनं नाव पुकारलं. सून उठली, चार पावलं गेली आणि एकटीच आहे हे लक्षात येऊन वळली.

सासूबाई बाकावरच होत्या. "तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "पाय ऐकत नाहीत गं माझे. लाज वाटते सांगायला. आयुष्यभर लोकांना धीर धरा, धीर धरा करत आले."

नर्सनं पुन्हा पाहिलं. सुनेनं बोट वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली, परत आली आणि सासूबाईंना खेटून बसली. त्यांचा हात हातात घेतला.

"बसू या जरा," ती म्हणाली. "देव आत जाऊन बसलाय कधीचा. आपण सावकाश गेलो तरी चालेल."