साडेचार बोटं

क्रेनवाला आणि पाणबुड्या एकमेकांना पाण्यात पाहतात, हे धक्क्याच्या कामावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर हसूनही झालं होतं, कारण दोघांतला एक दिवसाचे चार तास खरोखरच पाण्यात असायचा. क्रेनवाला वरून अठरा टनांचा काँक्रीटचा ठोकळा सोडायचा आणि पाणबुड्या खाली गढूळ पाण्यात, नुसत्या चाचपणीवर, तो शेजारच्या ठोकळ्याला लावून घ्यायचा. ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही, त्याच्याच हातात रोज आपला जीव द्यायचा, असला तो मामला होता.

क्रेनवाला म्हणजे पाणबुड्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एके काळी पाणबुड्या त्याला दाजी म्हणायचा, आणि या कामावर त्याला चिकटवलं होतं तेही दाजींनीच. मग पाणबुड्याचे वडील अंथरुणाला खिळले. ताईला लवकर पाठवा, असा फोन त्याने केला, तो दाजींनी घेतला. त्या आठवड्यात दाजींची मोठ्या क्रेनच्या परवान्याची परीक्षा होती. घरात रडारड नको, म्हणून त्यांनी निरोप दोन दिवस पोटात ठेवला. ताई पोचली तेव्हा वडिलांचं सगळं आटोपलं होतं. महिनाभराने ती दोन बॅगा घेऊन भावाच्या दारात उभी राहिली, ती परत गेलीच नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली. तेव्हापासून पाणबुड्याच्या तोंडी 'दाजी' आलं नाही. नाइलाजाने बोलायची वेळ आलीच, तर 'क्रेनवाले' म्हणून हाक मारायचा.

काम मोठं होतं. बंदराला लागून समुद्रात भराव घालायचा आणि नवी जमीन करायची. त्याआधी भिंत. समुद्राच्या तळाशी खडीची सपाट गादी करायची, तिच्यावर ठोकळ्यांचे दोन थर रचायचे, आणि भिंत पुरी झाली की आतल्या अंगाला पाइपाने वाळू सोडायची. दोन ठोकळ्यांमधली फट तीन बोटांच्या वर गेलेली चालत नसे, नाहीतर तिच्यातून वाळू गळते आणि वरची जमीन खचते. फट मोजायला पाणबुड्याकडे एक लाकडी पाचर होती, हाताला लागतील अशा खाचा केलेली. डोळ्यांचा तिथे उपयोगच नव्हता. कॅमेरा सोडून पाहिला होता, पण पडद्यावर दुधाळ चहा हलताना दिसावा, तसं दिसलं. त्यामुळे पाणबुड्या खालून जे सांगेल ते खरं. वहीत तेच लिहिलं जायचं.

त्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीसमोर दहा-बारा माणसं उभी होती. क्रेनवाला आला, ग्लास घेतला आणि पाना-पक्कड मागावी तशा आवाजात म्हणाला, "वकिलाने घटस्फोटाचे कागद पाठवलेत. तुझ्या बहिणीला म्हणावं, सह्या करून टाक. उगाच ताटकळत ठेवू नकोस."

"मला कशाला सांगतोस? तिला सांग."

"ती फोन घेत नाही."

"घेणार नाहीच. तू घेतलेले फोन तिच्या लक्षात आहेत."

कुणीतरी खोकलं. क्रेनवाल्याने चहा संपवला, ग्लास ठेवला आणि जाता जाता म्हणाला, "तीन वर्षं बहिणीला घरात बसवून ठेवलंस. तिला तिचं आयुष्य नको असेल, पण मला माझं हवंय."

पाणबुड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई घरात बसलेली नव्हती, इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर चादरी उकळत होती, हे त्या दहा-बारा जणांना सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. तराफ्यावर जाऊन त्याने सूट चढवला, हेल्मेट घातलं. दोरी आणि फोन सांभाळणारे काका नेहमीसारखे म्हणाले, "सावकाश रे."

आदल्या दोन दिवसांत तीन ठोकळे खाली आणि तीन त्यांच्यावर बसवले होते; वरचं वजन आल्यावर खालच्या तिघांचे सांधे मोजायचे होते. तो खाली गेला, पहिल्या सांध्यात पाचर घातली, अंगठ्याने खाच चाचपली. अडीच बोटं. दुसरा सांधा, अडीच. तिसरा, जेमतेम दोन. क्रेनवाल्याचा हात चांगला होता, हे त्याला तीन वर्षं रोज कबूल करावं लागत होतं आणि त्याचाच त्याला जास्त राग होता.

फोनवर काकांनी विचारलं, "काय लिहू?"

तो क्षणभर थांबला. क्षणभरच. मग म्हणाला, "पहिला साडेचार. दुसरा चार. तिसराही चार."

तराफ्यावरचा फोन मोठ्या आवाजाचा होता. सगळ्यांनी ऐकलं. साइटवरच्या इंजिनियरबाई काकांच्या शेजारीच उभ्या होत्या. वयाने तिशीच्या, बोलायला तुटक, पण कुणावर अन्याय करणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा मोजा."

त्याने खाली पाण्यात उगाच थोडा वेळ काढला. "पुन्हा तेच. साडेचार, चार, चार."

क्रेनच्या केबिनमधून वॉकीटॉकीवर आवाज आला. "खोटं आहे. बाळाला पाळण्यात घालावं तसे ठेवलेत मी ते ठोकळे."

"पाळण्यात कोण उतरून बघतं, तू का मी?" पाणबुड्या खालून म्हणाला.

"बाई, याचं माझं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण पाण्याखालचं तोच सांगणार. मला दुसरा मार्ग नाही. उचला."

खालचे तीन काढायचे तर आधी वरचे तीन काढायला हवेत. दोन दिवसांचं काम उलटं फिरलं. पलीकडे नव्या जेट्टीवर तरंगती क्रेन येणार होती आणि तिच्यावर क्रेनवाल्याला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. त्या संध्याकाळी बाईंनी नोंदवहीत त्याच्या नावापुढे चूक लिहिली आणि ती जागा दुसऱ्याला देण्याचं बोलणं सुरू झालं. पाणबुड्याला हे घरी जाताना कळलं. गोड लागेल असं त्याला वाटलं होतं. थोडं लागलंही.

दोन दिवस क्रेनवाल्याने ठोकळे वर काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला शेवटचा खालचा ठोकळा सुटला आणि पाणबुड्या गादी पुन्हा सपाट करायला खाली उतरला. खोटं निस्तरायचं तर नाटक पुरं करायलाच हवं होतं: खडी थोडी इकडची तिकडे करायची, वर सांगायचं की गादी उतरली होती, आता नीट केली.

त्याने गुडघे टेकले आणि हात पुढे टाकला, तर हाताला खडी लागेना. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी खाली काही नाही. तो पुढे सरकला, तसा त्याच्या छातीखालचा दगड निसटला आणि गडगडत खोल कुठेतरी गेला. बोटांना थंड पाण्याची धार लागली. समुद्राचं पाणी असं एका दिशेने, नळासारखं वाहत नाही. तो चाचपत राहिला. विटांची कमान लागली, गुळगुळीत, शेवाळलेली. जुन्या शहराचं कुठलं तरी विसरलेलं गटार असावं. नकाशात नव्हतं, गाळाने बुजलं होतं. वर गादी पडली, वजन आलं, आणि प्रत्येक ओहोटीला ते आतून खडी ओढून नेत होतं. ठोकळे त्या पोकळीवर पुलासारखे टेकून उभे होते. घट्ट, सरळ, अडीच बोटांवर.

पुढच्या आठवड्यात मागे वाळू पडणार होती. त्यानंतर तिथे माणसं आणि गाड्या येणार होत्या.

"काय रे, गप्प का?" काकांनी विचारलं.

त्याचा श्वास हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने वाजत होता. "काका, बाईंना बोलवा. खाली पोकळी आहे. माणूस आत जाईल एवढी."

त्यानंतर जे झालं ते त्याला सोसवेना. काम थांबलं, वरचे साहेब आले, दोन वेगळे पाणबुडे उतरून खात्री करून आले. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यांनी हट्ट धरला नसता तर ही भिंत एक दिवस माणसांसकट बसली असती." टाळ्या वाजल्या. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. क्रेनच्या पायरीवर उभा राहून क्रेनवाला हे पाहत होता.

पाणबुड्या कपडे बदलायच्या खोलीत एकटा होता तेव्हा क्रेनवाला आत आला आणि त्याने दार लावून घेतलं.

"फट नव्हती," तो म्हणाला.

पाणबुड्या बुटाची नाडी बांधत राहिला.

"ठोकळा बसला की दोराचा ताण कसा उतरतो, ते हाताला कळतं मला. वीस वर्षं झाली. फट नव्हती. तू मला खोटं पाडायला खोटं बोललास, आणि आंधळ्याचा दगड नेमका लागला."

"जा मग, सांग बाईंना."

"माझं कोण ऐकणार? आता तू देव झालास." तो जवळ आला. "एक लक्षात ठेव. काम पुन्हा सुरू झालं की मी ठोकळा सोडताना तू खाली असशील. मी काही करणार नाही. मी तुझ्यासारखा नाही. पण प्रत्येक वेळी तुला वाटेल, आज करेल का."

दार उघडं टाकून तो निघून गेला.

संध्याकाळी पाणबुड्या घरी पोचला तेव्हा ताई कामावरून येऊन भाजी निवडत बसली होती. काकांच्या बायकोने तिला सगळं फोनवर सांगितलं होतं. "मोठा पराक्रम केलास म्हणे," ती म्हणाली आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

त्याला ते हसणं बघवलं नाही. उभ्या उभ्याच त्याने खरं काय ते सांगून टाकलं. टपरीपासून विटांच्या कमानीपर्यंत सगळं.

ताईचे हात थांबले. "का केलंस?"

"तुझ्यासाठी. तो सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल वाटेल ते बोलला."

"माझ्यासाठी नाही," ती शांतपणे म्हणाली. "माझं नाव घेऊन तू तुझा राग पोसलास. तीन वर्षं पोसतोयस. कागदावर मी गेल्या महिन्यातच सह्या केल्यात, तुला सांगायची भीती वाटत होती. टपालात अडकले असतील, नाहीतर त्याच्या वकिलाने फाइलीत पुरले असतील. स्वतःच्या घरात मला भीती वाटते, कळतंय का तुला?"

तो तिथेच उंबऱ्यावर टेकला.

"बाबांच्या वेळी त्याने खरं दोन दिवस दाबून ठेवलं. तू किती दिवस ठेवणार आहेस?"

तो रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी कामावर जाऊन थेट बाईंच्या केबिनमध्ये उभा राहिला. बाईंनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं. मध्ये एकदाही टोकलं नाही.

"पोकळी मिळाली हे आपलं नशीब," त्या शेवटी म्हणाल्या. "ते तुमच्या खात्यात धरू नका. खाली माझ्याकडे तुमच्या शब्दाशिवाय काही नाही. तो गेला. आता मी तुम्हाला पाण्यात कशी उतरवू?"

"नाही उतरवता येणार."

"ठोकळे ओततात तिकडे जा. साच्यांना तेल लावायला माणूस हवाय."

नोंदवहीतली क्रेनवाल्याची चूक खोडली गेली. तरंगती क्रेन मात्र तोवर दुसऱ्याला मिळाली होती. गोष्ट दुपारपर्यंत साऱ्या कामावर पसरली. काल टाळ्या वाजवणारे आज पाणबुड्याला बघून तोंड फिरवू लागले, आणि काकाही म्हणाले, "मी तुझी दोरी धरायचो रे," एवढंच. साच्यांकडे जाताना वाटेत क्रेनवाला आडवा आला. पाणबुड्याने सगळं बळ एकवटून म्हटलं, "दाजी, माझं चुकलं."

"दाजी म्हणू नकोस," क्रेनवाला म्हणाला. "कबुली देऊन तू मोकळा झालास. माझी क्रेन गेली ती गेलीच." आणि तो वाट बदलून चालू लागला. त्यानंतर दोघं त्या कामावर दीड वर्ष होते, पण एकमेकांशी बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी ताईने धुलाईघराजवळ एक खोली घेतली. भांडण नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या रागाच्या शेजारी मला झोप लागत नाही." सामान त्यानेच वाहून नेलं. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, एक खिडकी, एक मोरी, भिंतींना नवा चुना. फळी ठोकून दे म्हणाली, तशी त्याने ठोकून दिली आणि दोन पावलं मागे सरकून बघितली.

"सरळ आहे," तो म्हणाला.

"थांब, मी बघते."

तिने ताटलीत पाणी घेतलं, ताटली फळीवर ठेवली आणि वाकून पाणी कुठल्या कडेला चढतंय का ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो हातोडी धरून उभा राहिला. पाणी कुठेच चढलेलं नव्हतं. तिने ताटली मोरीत रिकामी केली आणि एकेक करून फळीवर डबे लावायला घेतले.