द्वारकाबाईची शेळी आणि राहून गेलेली क्षमा

सगुणाबाईच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर द्वारकाबाईच्या शेळीनं खाल्ला, त्याला तीन महिने झाले. लुगडं काही साधंसुधं नव्हतं. चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाला तेवढं नेसायचं, एरवी पेटीत. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. जालन्याच्या त्या ख्रिस्ती वस्तीत दोघींची दारं समोरासमोर, त्यामुळे अबोला पाळायला मेहनत फार पडायची.

शनिवारी चर्चचे पाळकसाहेब उंबऱ्यावरूनच म्हणाले, "सगुणाबाई, उद्या प्रभुभोजन. ज्यांचं भांडण मिटलं नाही, त्यांना प्याला मिळायचा नाही."

"मला न्हाई? चाळीस वर्षांत एकडाव चुकलं न्हाई माझं!"

"मग आजच मिटवा."

सगुणाबाईनं मनाशी भाषण जुळवलं. 'द्वारका, तुझी चूक मोठी, पण माझं मन त्याहून मोठं. जा, क्षमा केली.' दोनदा घोकलं, पदर सारखा केला आणि पाटलिणीच्या तोऱ्यात समोरच्या घरात शिरली.

द्वारकाबाई गोधडीत थंडीतापानं कुडकुडत पडलेली. परसात शेळी घसा फोडून ओरडत होती.

"द्वारका, तुझी चूक—"

"सगुणा, भाषण मागून कर. कालपासून शेळीची धार काढली न्हाई. मला उठणं होऊन न्हाई राह्यलं."

सगुणाबाईनं परसात जाऊन वाकून पाहिलं. कास दगडासारखी टणक. सहा लेकरं पाजलेल्या बाईला ती कळ सांगावी लागत नाही. "अगं माय माझे," म्हणत ती खाली बसली. "माझा पदर खाताना लई जोर होता की गं! उभी राह्य बराबर." शेळीनं लाथ झाडली. "मार! तुझ्या मालकिणीच्या जिभेपेक्षा हलकीच बसली."

"ऐकू येऊन राह्यलं मला," आतून आवाज आला.

"मंग, ऐकायलाच बोलून राह्यले!"

त्याच दुधाचा चहा झाला. द्वारकाबाईच्या अंगावर सगुणाबाईच्या घरची गोधडी पडली.

रविवारी पुन्हा शेळी काढून, द्वारकाबाईला पेज पाजून सगुणाबाई धापा टाकत देवळात पोचली. नेसूचं विटकं, वर दुधाचे डाग. प्याला तिच्यापाशी आला आणि पाळकसाहेब थांबले.

"केली का क्षमा द्वारकाबाईला?"

सगुणाबाईचा हात अर्ध्यातच राहिला. खोटं बोलून प्याला घेणाऱ्यांतली ती नव्हती.

"राहूनच गेली की, पाळकसाहेब. शेळीच्या गडबडीत बिलकुल ध्यानातच न्हाई आलं."

पाळकसाहेबांनी त्या डागांकडं बघितलं, ओठ आवळून हसू दाबलं आणि प्याला पुढे केला.

"घ्या, बाई. जल्दी घ्या. संध्याकाळची शेळी अजून काढायचीय तुम्हाला."