अक्षदासाठी मिट

कॅप्टन विश्वजीतनं सगळ्यांसमोर सांगितलं, हे सायलीला जास्त लागलं. एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर कदाचित तिनं हसून सोडून दिलं असतं.

"पुढच्या महिन्यात जालन्याची टीम येतेय," तो म्हणाला. "फर्स्ट बेसवर अक्षदा खेळेल. सायली, तू राइट फील्डला जा. गुडघ्याला पण आराम पडेल."

रविवारी सकाळी गारखेड्याच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळायला जमणारी ही पंधराएक मंडळी. बाया-पुरुष एकत्र, बहुतेक चाळिशीला टेकलेले, कधीकाळी विद्यापीठाकडून खेळलेले. हरलं तरी पोहे, जिंकलं तरी पोहे. पण सायलीसाठी फर्स्ट बेस म्हणजे नुसती रविवारची करमणूक नव्हती. अकरा वर्षं ती तिथं उभी होती. कुणीही चेंडू अडवला की तो तिच्याकडं फेकायचा, आणि पळणारा पोचायच्या आत तिनं पाय बेसवर ठेवून झेलायचा. मैदानावरचा दर दुसरा आउट तिच्या हातून व्हायचा. राइट फील्डला चेंडू क्वचितच जातो; तिथं कुणाला पाठवतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि अक्षदाला मैदानावर आणलं होतं तिनंच.

सायली चितेगावच्या एका कंपनीत एचआरला होती. अक्षदा तिथंच कंत्राटावर, वायरींच्या जुड्या बांधायच्या लाइनवर. बावीस वर्षांची, पिशोरकडची. वडील रामहरी मेंढरं राखायचे, आता निम्मं वर्ष मेंढरं आणि निम्मं वर्ष मजुरी. शाळेत एका सरांनी मुलींना सॉफ्टबॉल शिकवला होता, खेळाचे मार्क मिळतात म्हणून. कंपनीच्या क्रीडादिनाला तिनं एका हातानं उडता कॅच घेतला तो सायलीनं पाहिला आणि विचारलं, "रविवारी येतेस का? आमच्याकडं एक जण कमी पडतंय." तिथं मॅडम म्हणू नकोस, ताई म्हण, हेही सायलीनंच सांगितलं होतं. चार महिने झाले होते त्याला.

"मिटचं काय?" मोनिकानं विचारलं. मोनिका सेकंड बेसवर खेळायची. "अक्षदा साध्या ग्लव्हनं किती दिवस झेलणार?"

"सायलीचा घेईल ना."

"माझा माझ्या हाताला बसलाय," सायली म्हणाली. "मिट कुणी कुणाला देत नसतं, विश्वजीत."

"मग ग्रुपतर्फे नवीन घेऊ. तूच घेऊन जा तिला. तुझ्याइतकं कुणाला कळतं त्यातलं?"

अक्षदा खाली बघत बुटाच्या टोकानं माती उकरत होती. पोहे खाताना ती सायलीजवळ येऊन बसली. "ताई, मी म्हणलं नव्हतं त्यांला. मला कुठंबी चालतं."

"अगं, चांगलं झालं की," सायली म्हणाली.

गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर सायलीनं तिला आपल्या गाडीतून शहरात आणलं. पैठण रोडला ट्रकांची रांग लागली होती. अक्षदा मांडीवर डबा धरून सीटच्या कडेला बसली होती, पाठ न टेकता.

"तुझ्या कंत्राटाचं रिन्युअल पुढच्या महिन्यात ना?" सायलीनं विचारलं.

"व्हय, ताई."

"बघू. यादी माझ्याकडंच येते."

हे ती का बोलली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण बोलल्यावर बरं वाटलं. अक्षदा आणखी थोडी कडेला सरकली.

पैठण गेटजवळच्या दुकानात मेंदी लावलेल्या दाढीचे चाचा होते. सायलीला ते कॉलेजपासून ओळखायचे. त्यांनी माळ्यावरून दोन खोकी काढली. "बाजी, फर्स्ट बेस के दोइच पीस हैं. आजकल पूछताच कौन है?"

फर्स्ट बेसचा मिट साध्या ग्लव्हसारखा नसतो. त्याला वेगळी बोटं नसतात. लांब, सुपासारखा, खाली खोल खोबण, म्हणजे लांबून जोरात आलेला चेंडू आत जाऊन बसतो. पहिल्या खोक्यातला मिट तपकिरी होता, तेरा इंची, सॉफ्टबॉलचाच. अक्षदानं डावा हात आत घातला, मूठ वळवली, आणि मिट एखाद्या जुन्या पाकिटासारखा अलगद मिटला. तिनं काउंटरवरचा सॉफ्टबॉल उचलून त्यात दोनदा आपटला. तिचा चेहरा उजळला.

"ह्यो लई भारी हाय, ताई."

सायलीनं मिट धरून हलवून पाहिला. अगदी योग्य होता. तिनं स्वतःसाठी हाच घेतला असता. पोरीच्या हातात तो अकरा वर्षं तिथंच असल्यासारखा दिसत होता.

"ढिला आहे," ती म्हणाली. "मनगटाशी बघ, किती हलतोय. तुझा हात लहान आहे. चाचा, दुसरा दाखवा."

दुसरा दिसायला फार देखणा होता. क्रीम रंग, लाल शिवण. पण तो बारा इंची होता, बेसबॉलचा. बेसबॉलचा चेंडू लहान असतो, म्हणून त्या मिटची खोबण अरुंद. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठ्या मोसंब्याएवढा. अक्षदानं तो आत दाबला. चेंडू तळापर्यंत गेलाच नाही, वरच्या कडांत अडकून राहिला. कातडं लाकडासारखं कडक होतं, आणि अंगठ्याच्या बाजूला आतली गादी जवळपास नव्हतीच.

अक्षदानं चेंडूकडं पाहिलं, मग सायलीकडं. "ताई, ह्यात बॉल बसंना."

"नवं कातडं आहे. वापरून बसतं."

"मगर बाजी," चाचा म्हणाले, "वो तो बेसबॉल का..."

"चाचा, मी अठरा वर्षं खेळतेय. पावती करा."

चाचांनी खांदे उडवले. गिऱ्हाइकाशी वाद घालायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. अक्षदा क्षणभर तपकिरी मिटवर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं तो आपल्या हातांनी खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"तुमी म्हणता तर ह्योच घेऊ."

सायलीनं रस्त्यात तिला तेल कसं लावायचं, आत चेंडू ठेवून दोरीनं कसं बांधायचं, गादीखाली किती दिवस ठेवायचा, सगळं नीट सांगितलं. आयुष्यात तिनं इतक्या आपुलकीनं कुणाला काही शिकवलं नव्हतं.

तिच्या मनात एवढंच होतं, की पोरीच्या हातून दोन-तीन चेंडू सुटतील, विश्वजीत कपाळाला हात लावेल आणि हाक मारेल, "सायली, ये आत." यापलीकडं तिला काही नको होतं. हे तिनं पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरंही होतं.

मधल्या रविवारी विश्वजीत लग्नाला पैठणला गेला होता. सराव सायलीनंच घेतला आणि सगळ्यांना सावकाश फेकायला सांगितलं. अक्षदा दोन्ही हातांनी चेंडू कवटाळून झेलत होती. एकही सुटला नाही.

"हिच्या मिटची खोबण घट्ट नाही का वाटत?" मोनिकानं विचारलं.

"नवीन आहे. बसेल."

मोनिका फर्स्ट बेसवर कधी खेळली नव्हती. ती आपल्या जागेवर परत गेली.

जालन्याची मंडळी दोन गाड्या भरून आली, बायकापोरांसकट. पहिल्या दोन इनिंगमध्ये अक्षदानं पाच आउट केले. राइट फील्डला सायलीकडं एकही चेंडू आला नाही. ती उन्हात डोळ्यांवर हात धरून उभी होती आणि प्रत्येक थ्रोला मनात म्हणत होती, सुट. सुट. सुट.

तिसऱ्या इनिंगला जालन्याच्या एका उंच माणसानं चेंडू जमिनीलगत मारला. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपवर, विश्वजीत होता. त्यानं तो अडवायला सूर मारला, उठला, आणि उशीर झालाय हे बघून सगळा जोर लावून फेकला. अशा थ्रोला दुसरा हात लावायला वेळ नसतो. अक्षदानं पाय बेसवर ठेवून डावा हात पुरता लांब केला. चेंडू अरुंद खोबणीत शिरला नाही. कडेवर आदळला आणि अंगठा मागं घेऊन गेला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज राइट फील्डपर्यंत ऐकू आला.

चेंडू तिच्या पायाशी पडला. अक्षदानं वाकून तो उजव्या हातानं उचलला. पाय बेसवरच होता. पळणारा दोन पावलं मागं होता.

"आउट!" पंच ओरडला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती गुडघ्यावर बसली.

सायली धावत पोचली. मोनिकानं मिट ओढून काढला. अंगठा मुळापासून भलतीकडं वळला होता आणि बघता बघता सुजत चालला होता. अक्षदाचे ओठ पांढरे पडले होते, पण ती ओरडली नाही.

"हॉस्पिटलला न्यायला पाहिजे," मोनिका म्हणाली. "गाड्या सगळ्या एकमेकींत अडकल्यात, मी स्कूटी काढते. सायली, तू मागं बस, हिला धरायला लागेल."

विश्वजीतनं आजूबाजूला पाहिलं. "दोघी गेलात तर फर्स्टला कोण?"



"धम्मपाल जाईल सोबत," सायली म्हणाली. धम्मपाल स्कोअर लिहायला यायचा. तिनं आपल्या पिशवीतून स्वतःचा जुना मिट काढला आणि बेसवर जाऊन उभी राहिली. सामना त्यांनी दोन रननं जिंकला. शेवटचा आउट तिच्या हातून झाला आणि सगळ्यांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या.

अंगठ्याचं हाड मुळाशी दोन ठिकाणी मोडलं होतं. तार घालावी लागली, वर प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने त्या हातानं काही धरायचं नाही, आणि नंतरही अंगठा पुरता वळेल याची खात्री नाही. वायरींच्या जुड्या बांधायला दोन अंगठे लागतात. महिन्याच्या शेवटी कंत्राटदाराची यादी सायलीच्या टेबलावर आली. अक्षदाच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘कामास अपात्र, बदली कामगार घेतला’. तिला स्टोअरमध्ये नोंदी करायला बसवता आलं असतं. तिथली एक जागा रिकामी होती, हे सायलीला ठाऊक होतं. पण स्टोअरची वाट सायलीच्या केबिनवरून जायची. रोज सकाळी ते प्लास्टर बघायचं, रोज ‘ताई’ ऐकायचं. तिनं सही केली आणि यादी पुढं पाठवली.

आयकार्ड जमा करायला अक्षदा वडिलांना घेऊन आली. रामहरींनी पायातल्या वहाणा केबिनबाहेर काढल्या आणि खुर्चीवर न बसता हात जोडले.

"बाई, तुमी पोरीला लई जीव लावला. खेळाया नेलं, गाडीत बशिवलं. हे आमचं नशीब. तुमचा काय दोस नाय."

"बसा ना. पाणी घेता का?"

"भाईर हाय की माठ. पिऊन येतो," ते म्हणाले आणि गेले.

अक्षदानं आयकार्ड टेबलावर ठेवलं. त्याची गळ्यात घालायची पट्टी तिनं व्यवस्थित गुंडाळली होती.

"मॅडम, एक सांगू?" ती म्हणाली. ती आता ताई म्हणत नव्हती. "त्यो मिट बेसबॉलचा हाय, हे मला दुकानातच कळलं व्हतं. शाळेत सरांनी दोन्ही दाखवले व्हते."

सायलीनं आयकार्ड उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. "मग घेतलास कशाला?"

"मला वाटलं, तुमी बघायला लागलात. सांगितलेलं ऐकती का नाय, ते." तिनं प्लास्टरचा हात उजव्या हातावर घेतला. "गाडीत तुमी रिन्युअलचं बोलला व्हता. म्हणलं, एवढ्यासाठी कशाला नाय म्हणायचं. दोन हातांनी झेलू."

पंखा फिरत होता. बाहेर माठावरच्या पेल्याचा आवाज आला. आता काही बोललं, तर अजून सगळं बदलता येईल, असं सायलीला वाटलं. स्टोअरमधली जागा अजून रिकामी होती. एक फोन करायचा होता. मग तिला दिसलं, की ही पोरगी समोर राहिली तर हे सगळं राहील, आणि गेली तर काहीच राहणार नाही.

"कळत होतं तर तेव्हाच बोलायचं होतंस," ती म्हणाली. "तुझी चूक आहे ही, अक्षदा. मला कसं कळणार तुझ्या मनातलं?"

अक्षदानं थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. एखादं माणूस नेमकं किती आहे, ते मापून घ्यावं तसं.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलंच."

सायलीनं पोचपावतीवर सही करून दिली. बापलेक गेटकडं गेले. रामहरींनी लेकीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

त्यानंतरच्या रविवारी विश्वजीतनं विचारलं, "अक्षदाचं प्लास्टर कधी निघतंय? तिला सांग, आम्ही वाट बघतोय."

"ती गेली गावाला," सायली म्हणाली. तिला थांबून विचारही करावा लागला नाही. "लग्न ठरलं तिचं."

"अरे वा! चांगलं झालं."

"मला काही बोलली नाही ती," मोनिका म्हणाली. "परवाच फोन झाला आमचा."

"आपल्याला कशाला सांगतील ती माणसं?" सायलीनं मिट हातात चढवला. "त्यांच्यात असंच असतं. एक दिवस उठून जातात."

दोघं-तिघं हसले. विश्वजीतनं टाळी वाजवून सगळ्यांना जागेवर पाठवलं. मोनिका तिथंच उभी राहून सायलीकडं बघत होती. काहीतरी विचारावं असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण कुणीतरी "मोनिका, सेकंड!" असं ओरडलं, आणि ती पळत आपल्या जागेवर गेली.