दातांची खळ

कोष्टीपुऱ्यात नत्थूजी आणि मारोतराव एकाच मागावर बसत. करवतकाठी लुगडे विणायचे तर दोन माणसे लागतात, एक डाव्या काठाला, एक उजव्या, आणि धोटा दोघांमध्ये ये-जा करतो. सूत सरले की नवे सूत धोट्याच्या भोकातून ओढायचे ते तोंडानेच, ओठ लावून. मिसरूड फुटल्यापासून दोघांचे ओठ त्याच धोट्याला लागत आले होते. आणीबाणी उठली त्या वर्षी मात्र मारोतरावाने एका सकाळी धोटा खाली ठेवला.

"मी वाडीले चाललो गा. गोदामात चौकीदारी भेटून राहिली."

"काहून?"

"असंच," मारोतराव खिडकीकडे तोंड करून म्हणाला. हल्ली तो सगळेच खिडकीकडे तोंड करून बोलायचा.

नत्थूजी हबकला. एकट्याने साधे पंचे विणता आले असते, करवतकाठ नाही. आणि करवतकाठाशिवाय मागावर बसण्याची त्याला कल्पनाच करवेना. घरी येऊन त्याने बायकोला, रंभाबाईला गाठले. तिने पदर नाकाला लावला.

"धूर लागून राहिला का वं?"

"चूल पेटलीच कुठं अजून! तुमच्या तोंडाचा वास येते. मारोतरावानं लय सोसलं. मी तं लग्नाची बायको, जाऊ कुठं?"

पोटाचे असेल म्हणून नत्थूजीने एरंडेल घेतले. दिवसभर तो घरात टिकला नाही, वास मात्र टिकला. मग लवंगा चघळल्या. रंभाबाई म्हणाली, "आता मसाल्याच्या डब्यात उंदीर मेल्यावानी येते." शेवटी तिनेच त्याला दातांच्या सरकारी दवाखान्यात नेऊन बसवले.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात छोटा आरसा घातला. "हिरड्यांतून रक्त येतं?"

"घासलं की येते. म्हून घासतच नाही."

"दातांवर हा पिवळा थर चढलाय. खरवडून काढावा लागेल."

नत्थूजीने आरशासकट तोंड मिटले. बाईंनी तो कसाबसा ओढून काढल्यावर म्हणाला, "ते खळ हाये, बाई. खळीनं सूत टिकते. काढली तं दात उसवतीन."

"सुताला खळ तुम्ही देता. ही कोणी दिली?"

नत्थूजीने विचार केला. "आपोआप बसली."

"तीच हिरड्यांना दातांपासून सोडवतेय. तिच्याखाली सडतं, वास तिथूनच येतो."

"काढा बाई," रंभाबाई म्हणाली. "दात पडले तं दुधात भाकर कुस्करून देईन."

थर निघाला तेव्हा नत्थूजीला भर चौकात आंघोळीला बसल्यासारखे वाटले. पण दात जागेवर राहिले. मऊ ब्रश आणि मिठाच्या गुळण्या सुरू झाल्या, हळूहळू रक्त थांबले, आणि एक दिवस रंभाबाई पदर न लावता त्याच्याशी भांडली. त्याच दुपारी तो वाडीला गेला.

गोदामाच्या फाटकाशी मारोतराव काठी घेऊन बसला होता.

"सांगितलं काहून नाही गा मले?"

"जवळ येऊन सांगा लागलं असतं."

"आता ये."

मारोतराव बिचकत पुढे झाला. "फू कर."

नत्थूजीने फुंकर मारली.

"जोरानं."

एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून डोके बाहेर काढले. "क्या कर रहे हो, चाचा?"

मारोतरावाने डोळे मिटून आणखी एक श्वास घेतला.

"नोकरी छोड रहा हूँ," तो म्हणाला, आणि काठी फाटकाला टेकवून ठेवली.