पेराकचं वजन

अमाचा पेराक माझ्या डोक्यावर यायचा नव्हताच. आमच्याकडे तो आईकडून थोरल्या मुलीकडे जातो, आणि थोरली होती माझी अचे, माझी मोठी बहीण दिस्कित, जी मी जन्मायच्या आदल्या हिवाळ्यात, सहा वर्षांची असताना तापाने गेली. मी मात्र कळायला लागल्यापासून त्याच्यावर डोळा ठेवून होते. कपाळापासून पाठीखालपर्यंत उतरणारी ती चामड्याची पट्टी, तिच्यावर दाटीवाटीने शिवलेले फिरोजे, कानांशी काळ्या लोकरीचे मोठे पंख. कधी मिळणार विचारलं की अमा म्हणायची, "तो दिस्कितचा आहे," जणू दिस्कित शेजारच्या गावी गेलीय आणि जेवायच्या वेळेला परतेल.

त्यामुळे माझ्या लग्नाच्या सकाळी अमा पेराक घेऊन अंगणात आली, तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला नुसते खडे नको होते. तिने ते मनापासून, मला म्हणून द्यायला हवे होते.

ढोल-सनई थांबली. पेराक हातात धरून अमा उभीच राहिली. मग तिने आपल्या उजव्या बाजूला, खाली पाहिलं, "बरं, बरं," असं पुटपुटली आणि पेराक माझ्या डोक्यावर ठेवला. अंगणात एकच जल्लोष झाला, जवाच्या चांगचे पेले भरले गेले आणि मी, इतकी वर्षं न रडलेली, भोकाड पसरून रडले.

"कुन्झेस, पुरे," माझी आत्या चोरोल ओरडली. "नाक पुसायलासुद्धा आता वाकता येणार नाही तुला. मान मोडली तर नवरा म्हणेल, मोडकी बायको दिली!"

वजन खरंच भयंकर होतं. पण वरात घराच्या दारातून बाहेर पडली, आणि जर्दाळूच्या बागांमधल्या वाटेवर ते एकाएकी कमी झालं.

"आने, हे तर हलकं आहे," मी आत्याला म्हणाले.

"हलकं? किती प्यायलीस गं?" सगळ्या बायका हसल्या. आत्या माझ्या मागे आली. "अरे, टोक वर उचललं गेलंय याचं. थांब." तिने ते खाली बसवलं. दोन पावलांवर तिने ते पुन्हा बसवलं. "वारा आहे मेला," ती म्हणाली. वाटेवरच्या सफेद्याच्या झाडांची पानं तर हलत नव्हती.

थोड्या वेळाने ती माझ्या शेजारून चालू लागली आणि डोळे पुसत हसली. "दिस्कित अशीच करायची. अमाची मान दुखते म्हणून पेराकचं टोक दोन्ही हातांनी उचलून मागून चालायची. सण असला की पाहायला नको."

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, त्या वाटेवर मी जितकी आनंदात होते तितकी आयुष्यात कधी नव्हते. अमाने दिलं होतं आणि अचेने सुद्धा. मी मान ताठ ठेवून, राणीसारखी चालले, आणि गाणाऱ्यांच्या वरचा सूर लावून गायले.

नदीवरच्या पुलापलीकडे नवऱ्याकडच्या जीपगाड्या उभ्या होत्या. आमच्याकडे मुलीची आई पुलापर्यंतच येते. अमाने माझ्या गळ्यात खतक, निरोपाचं पांढरं रेशमी उपरणं, घातलं, कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाली, "जा. जपून." तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

पुलाच्या मध्यावर पेराकचं सगळं वजन एकदम माझ्या मानेवर आलं. मी कळवळून थांबले. पेराक घातला की नुसती मान वळवता येत नाही, सगळं अंगच वळवावं लागतं, तसं मी हळूहळू वळवलं.

अमा घराकडे परत निघाली होती. तिचा उजवा हात अंगापासून थोडा दूर, खाली, कुणाला तरी धरल्यासारखा होता. ती खाली पाहत काहीतरी बोलत होती, हसत होती, आणि लहान लहान पावलं टाकत होती. मी दोनदा हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.