काजळ्याच्या दोन आया

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो. कळांवरची अक्षरं झिजली आहेत. पण आज माझ्या कपाळाला भंडारा लागला आहे, आणि तो का लागला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

उमेदीची वर्षं मी इस्लामपूरकडे एका ऊसकाट्यावर काढली. तेव्हा मला फक्त आकडे ठाऊक. 'ह्याचं चुकत नाही,' असं लोक म्हणायचे. मग नवं यंत्र आलं आणि मी पोत्याखाली गेलो. धुळीत पडून राहणं फार वाईट असतं. पुढे माण तालुक्यातल्या मेंढपाळ संघानं मला उचललं. तिथं नोंदी ठेवणाऱ्या ताहेरानं मला पुसलं, मराठी अक्षरं शिकवली. उतारवयात अक्षरं आली की प्रत्येक नाव जपून वाचावंसं वाटतं.

तिनं माझ्यात ग्राफ डेटाबेस बसवला. म्हणजे नात्यांचं जाळं. प्रत्येक जनावर एक गाठ, प्रत्येक नातं एक दोरा. कळपात सोडायचा मेंढा त्याच कळपाच्या रक्ताचा निघाला तर पुढची कोकरं अशक्त निपजतात. ते मी दोरे बघून आधीच सांगतो.

संघाच्या कळपासाठी मेंढा निवडायचा होता. मेंढपाळ बिराप्पांचा मेंढा काजळ्या सगळ्यांत देखणा. पण रानात चारा उरला नव्हता. निवड झाली नाही, तर त्याला बाजारात विकावा लागणार होता.

निवड करणारे पंच बाहेर येऊन बसले. ताहेरानं बिराप्पांच्या कळपाची माहिती भरली आणि मी ती सगळीच परत केली. एक नोंद अडली की मी बाकीच्याही ठेवत नाही. अर्धं जाळं कुणाच्या कामाचं? तिनं मला बंद करून चालू केलं. मी पुन्हा नाही म्हटलं.

"म्हातारं अडलं गड्या," संघाचे सयाजी हसले. "द्या एक थापड!"

'एका जनावराला एकच आई' हा माझा नियमच काढून टाकायला ताहेराचा हात पुढे आला. मी घाबरलो. मग कुणालाही कितीही आया झाल्या असत्या! पण तिनं हात आवरला आणि माझा निरोप नीट वाचला. "मामा, हे म्हणतंय, काजळ्याला दोन आया कशा?"

"हायतच की!" बिराप्पा म्हणाले. "माडग्याळची पांढरी मेंढी याला जनून मेली. मग संघाच्या तांबडीनं पाजला."

सयाजी दचकले. "आवं, तांबडी आई लागली तर मेंढा घरच्याच रक्ताचा ठरंल. तिचं नाव काढा की!"

"न्हाई काढायचं. तिनं पाजला म्हणून ह्यो उभा हाय. तिला पुसून मिळालेला मान मला नगं."

"मग बाजार हाय!"

"असू दे," बिराप्पा म्हणाले. पण त्यांचा हात काजळ्याच्या मानेवरून निघेना.

ताहेरा माझ्याकडून बिराप्पांकडे वळली. मग म्हणाली, "मामा, अम्मी आजारी होती तवा मला फिरदोसखालानं, म्हंजे मावशीनं, पाजलं. ती माझी दूधआई. शाळेत आईचं नाव अम्मीचंच लागलं, पण खालाचं नातं कुणी पुसलं न्हाई. तिची पोरं आजबी माझी सख्खी भावंडं."

तिनं माझ्यात नवा दोरा केला: दूधआई. पांढरीकडून आईचा दोरा, तांबडीकडून दुधाचा. मग पुन्हा सगळा कळप भरला.

मित्रांनो, मी एका दमात सगळा घेतला! रक्ताचे दोरे तपासले. काजळ्या संघाच्या कळपाला परका निघाला. पंच उठले, काजळ्याच्या गळ्यात हार पडला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" ढोल घुमला. बिराप्पांनी आधी तांबडीला भंडारा लावला, मग काजळ्याला, आणि शेवटी मला.

"आता थापड मारा की, सयाजीराव!" ताहेरा म्हणाली. सयाजींनी गुमान आपल्या उपरण्यानं माझी धूळ पुसली.

मित्रांनो, एखादं जुनं यंत्र अडलं तर त्याला मारू नका. ते काय म्हणतंय ते वाचा. आणि जाळ्यात एखादं नातं बसत नसेल, तर ते तोडू नका. त्याच्यासाठी वेगळा दोरा वळा.